कमी पैशात जुनी फोर बाय फोर घ्यायची आहे, कुठली बघू?

कच्चा_रस्ता:
मंडळी, दोन वर्षं मित्राच्या गाडीत मागे बसून डोकं छताला आपटून घेतलं. आता स्टिअरिंग स्वतःच्या हातात हवं. बजेट म्हणाल तर नव्या लहान हॅचबॅकच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे वीस-पंचवीस वर्षं जुनी गाडीच येणार हे मान्य आहे. रोजच्या धावपळीला घरात दुसरी गाडी आहे. ही फक्त सुट्टीच्या दिवशी चिखल, दगड, ओढे आणि जंगलवाटांसाठी. बहुतेक वेळा दोघं, क्वचित चौघं. पाना हातात धरता येतो, पण इंजिन उघडायची वेळ आली तर मी टॉर्च धरणारा माणूस.

डोक्यात आहेत त्या अशा: सुझुकी सामुराई किंवा जुनी जिम्नी, जीप चेरोकी (एक्सजे), दुसऱ्या पिढीची पजेरो, लँड रोव्हर डिस्कव्हरी १. एका ओळखीच्याने "ऑल-व्हील-ड्राइव्ह क्रॉसओव्हर घे, एसी तरी चालेल" असंही सुचवलंय. तुमचं काय मत?

लोफर्स्ट:
क्रॉसओव्हरचं आधी मिटवू या. ओलं गवत, बर्फ, सपाट कच्चा रस्ता एवढंच असेल तर जरूर घ्या. दगडावर चढायचं असेल तर लो रेंज (गाडी अगदी हळू पण जोराने नेणारा गिअरचा जादा टप्पा) नसलेल्या गाडीकडे वळूनही बघू नका.

नवशिक्याला वाटतं जोर कमी पडेल. कमी पडतं ते हळू जाणं. साधा गुणाकार करा: पहिल्या गिअरचा रेशो गुणिले लो रेंजचा गुणिले डिफचा (डिफ म्हणजे डिफरेन्शियल, दोन बाजूंच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच). १३०० सीसी सामुराईत ३.६५ × २.२७ × ३.७३, म्हणजे जवळपास ३१. ३०० टीडीआय इंजिनाच्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये ३.६९ × ३.३२ × ३.५४, म्हणजे ४३. क्रॉसओव्हरला लो रेंज नाहीच, तिथे पहिला गिअर साडेतीन आणि फायनल चार धरला तरी जेमतेम १४.

आता इंजिन आयडलला ८०० फेरे मारतंय असं समजा. ३१ वाल्या गाडीचं चाक मिनिटाला २६ वेळा फिरेल, म्हणजे ताशी सव्वातीन किलोमीटर. माणूस रमतगमत चालतो त्याहून हळू. क्लच सोडलेला, पाय कुठेच नाही, गाडी आपली दगड चाचपत वर जाते. १४ वालीत हाच वेग ताशी सातच्या पुढे जातो. त्याहून हळू जायचं तर क्लच अर्धा दाबून धरा आणि पाच मिनिटांनी जळका वास घ्या.

कच्चा_रस्ता:
हे असं कुणी समजावलंच नव्हतं. क्रॉसओव्हर यादीतून गेली.

टोचनवाली:
माझं मत सुझुकी, आणि कारण अगदी साधं आहे: वजन. सामुराई टनाच्या आसपास भरते. अडकली तर तिघं-चौघं मिळून हलवू शकता. दोन टनांची गाडी आसापर्यंत रुतली की दुसरी दोन टनांची गाडी बोलवावी लागते, आणि कधी कधी तीही शेजारी रुतून बसते. (हो, पाहिलंय. दोरी कुणाला बांधायची यावर अर्धा तास चर्चा.)

पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच आसावर), खाली शिडीची चासी, चारही कोपऱ्यांना पाटे (लीफ स्प्रिंग). जिप्सी म्हणजे याच घराण्यातली लांब बहीण. १९९८ पासूनच्या जिम्नीत पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आले, त्यामुळे पाठीचे हाल कमी. व्हीलबेस सामुराईचा २,०३० मिमी, जिम्नीचा २,२५०, चेरोकीचा २,५७६. आखूड गाडी उंचवट्यावर पोट टेकत नाही. उलट खड्या चढावर आखूड गाडीचं नाक लवकर उचलतं, तेव्हा पोटात गोळा येतो. सगळं एकाच गाडीत मिळत नाही.

तोटे आत्ताच सांगते, नंतर ओरडू नका. हायवेला ऐंशीच्या पुढे शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. चौघं बसले तर सामान मांडीवर. जुन्या जिम्नीचं स्टिअरिंग ठरावीक वेगाला थडथड हलत असेल तर किंगपिनची (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिची) बेअरिंग आणि रॉडचे बुश तपासा. काम मोठं नाही, पण भाव पाडायला उपयोगी.

पाना_१४:
बाकीच्यांबद्दल थोडक्यात.

चेरोकी एक्सजे (१९८४ ते २००१): चार लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन म्हणजे बैल. पेट्रोल तसंच पितं, एवढं मनाशी धरा. पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, पण वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. म्हणजे पत्रा गंजला तर हाडच गंजलं. २०००-२००१ च्या काही गाड्यांत सिलिंडर हेडवर ०३३१ हा ओतीव नंबर असतो. ती हेडं मधोमध तडकण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की नमस्कार करून निघा.

पजेरो दुसरी पिढी (१९९१ पासून): सुपर सिलेक्ट (तिची फोर-व्हील-ड्राइव्ह यंत्रणा) असलेली मिळाली तर फोर-हाय मध्ये, म्हणजे लो रेंज न टाकता चारही चाकांवर, डांबरावरही चालवता येते, कारण पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्येही डिफ आहे. आरामशीर. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे आडव्यातिडव्या खड्ड्यात चाक लवकर हवेत जातं. लांबच्या प्रवासाला यादीत हीच पहिली.

डिस्कव्हरी १ (१९८९ ते १९९८): कायमची फोर-व्हील-ड्राइव्ह, मधल्या डिफला लॉक, कॉइल स्प्रिंग, आणि अडचणीच्या जागी चाक असं काही खाली सोडते की बघत राहावं. पण गंज. डिकीची जमीन, पुढच्या मडगार्डच्या आतला पत्रा, सगळीकडे. टॉर्च धरणाऱ्या माणसाने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

यादीत नसलेली एक: लाडा निवा. १९७७ पासून बनतेय. हलकी, लो रेंज, मधलं डिफ लॉक, सगळं आहे. पार्ट मिळत असतील तर विचार करा. लँड क्रूझर ८० आणि पॅट्रोल वाय६० जबरदस्त आहेत, पण चांगल्या राहिलेल्या आता जुन्या म्हणून विकल्या जात नाहीत, वारसा म्हणून विकल्या जातात. भाव तसाच.

गंजेडी:
सगळे मॉडेलवर बोलताय. मॉडेल विसरा. पंचवीस वर्षांत त्या गाडीचं काय झालंय, ती कुणाच्या हाताखाली होती, यावर सगळं ठरतं. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन सामुराई मी एका दिवसात पाहिल्या. एक आणखी वीस वर्षं चालेल. दुसरी टोचन लावून उचलली असती तर दोन तुकडे झाले असते.

जाताना जुने कपडे, टॉर्च, छोटा हातोडा आणि चपटा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. गाडीखाली झोपा. चासीवर दर वीतभर अंतरावर हलका ठोका मारा. चांगलं लोखंड "ठण" म्हणतं. आतून सडलेलं "ढब" म्हणतं, एकदा ऐकलंत की विसरणार नाही. चासी ही आतून पोकळ पेटी असते. भोकांमधून चिखल आत जातो, तिथेच बसतो, दर पावसात ओला होतो. म्हणून बाहेरून रंग छान आणि आतून कागद, असं होतं.

सगळ्यात वाईट जागा: पाट्यांचे मागचे हँगर, बॉडी माउंटच्या खालचा भाग, सगळ्यात मागची आडवी पट्टी. त्या दुसऱ्या सामुराईत मागच्या हँगरपाशी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जोर नाही लावला, नुसता टेकवला. मुठीपर्यंत आत. भुऱ्या पापुद्र्यांचा ढीग माझ्या चष्म्यावर. मालक वरून म्हणतो, "वरवरचा गंज आहे साहेब, सगळ्यांनाच असतो."

आणि गाडीखाली ताजा काळा कुळकुळीत लेप दिसला तर आनंदू नका, घाबरा. विकायच्या आधी आठ दिवस कुणी गाडीवर प्रेम म्हणून लेप मारत नाही. दाराखालच्या पट्टीवर नखाने टकटक करा. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारला असेल तर आवाज मेलेला येतो. छोटं चुंबक असेल तर फारच छान, लांबीवर चिकटत नाही.

कच्चा_रस्ता:
@गंजेडी, नाव अगदी सार्थ आहे तुमचं. पण इंजिनचं काय? ते तर मला काहीच कळत नाही.

गंजेडी:
इंजिन बदलता येतं. चासी बदलायची म्हणजे गाडीच बदलायची. तरी पाना_१४ सांगतील, तो त्यांचा प्रांत.

पाना_१४:
जायच्या आधी फोनवर सांगा: मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर तळहात. गरम असेल तर गार असताना काहीतरी लपवायचं होतं. गार इंजिन सुरू करून मागून धूर बघा. निळा आणि थांबत नसेल तर ऑइल जळतंय. पांढरा, गरम झाल्यावरही चालूच, तर पाणी आत जातंय. डिझेलला सुरुवातीला थोडा काळा माफ.

आयडलला ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. थोडं हलणं ठीक, पण चिमणीसारखा धूर फुंकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. टायमिंग बेल्ट असेल तर कधी बदलला त्याची पावती मागा. पावती नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. मग पुढच्या चाकांमागचे गोळे बघा. तिथे ऑइल आणि ग्रीस एकत्र होऊन बाहेर आलं असेल तर आतला सील गेलाय. आणि हो, चाकाच्या मधोमध फिरवायची हब असतील तर तीही बघा, जाम असतात बऱ्याचदा.

लो रेंज टाकल्याशिवाय गाडी घ्यायची नाही. बऱ्याच मालकांनी तो लिव्हर वर्षानुवर्षं हलवलेला नसतो. सैल मातीवर लो मध्ये वेग घ्या आणि पाय एकदम काढा. लिव्हर उडून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर देणारा, लो रेंज असलेला गिअरबॉक्स) काम निघालं.

लोफर्स्ट:
यात एक भर, फार महत्त्वाची: पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह (सामुराई, जिम्नी, साधी चेरोकी) कोरड्या डांबरावर तपासू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. पण मध्ये डिफ नसल्याने दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले. हा फरक जाणार कुठे? मातीवर चाकं थोडी घसरतात आणि हिशेब मिटतो. डांबरावर घसरत नाहीत, मग सगळा पीळ गिअर आणि शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी कुणी मागून धरल्यासारखी अडखळते, लिव्हर बाहेर येत नाही. घट्ट वळणावर ही ओढ मातीवरसुद्धा थोडी जाणवतेच, ती चिंता करण्यासारखी नाही.

जोशात_होश:
एवढं कशाला? तयार लिफ्ट केलेली (सस्पेन्शन उंच केलेली), ३३ इंची टायर लावलेली, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचा दोराचा रहाट) असलेली घ्यायची. आधीच्या मालकाने खर्च केलाय, आपला फायदा.

टोचनवाली:
आधीच्या मालकाने खर्च केलाय आणि आता तो विकतोय. का, ते विचारलंत का कधी?

जोशात_होश:
ताई, सगळेच वाईट नसतात. माझी अशीच घेतलेली आहे, तीन वर्षं चालतेय.

पाना_१४:
तुमची चालतेय, छान. पण टॉर्च धरणाऱ्याला हा सल्ला नको. लिफ्ट केली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या टोकांचे क्रॉस (सांधे) लवकर जातात. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. स्टिअरिंगचे कोन बदलतात आणि गाडी खड्ड्यावरून गेली की हँडल हातातून सुटेल असं थरथरतं. मोठ्या टायरने गिअरिंग लांब होतं, म्हणजे लोफर्स्ट यांनी जो ३१ चा आकडा काढला तो तुम्ही स्वतःच्या हाताने कमी केलात. नीट केलेलं असेल तर सगळं सांभाळता येतं. नीट केलंय का हे ओळखायलाच अनुभव लागतो.

अडकित्ता:
जोशात_होश यांच्या बाजूने एक मुद्दा: चांगले टायर आणि एखादं डिफ लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला बांधणारं) बसवलेली गाडी मिळाली तर ते पैसे खरंच वाचतात. उघड्या डिफला सवय असते, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरवायची. कर्णावरची दोन चाकं हवेत गेली की फोर-व्हील-ड्राइव्ह असून गाडी जागच्या जागी. लॉकर असेल तर निघते.

बाकी माझी गोष्ट ऐका, चूक शंभर टक्के माझी. तासभर चढ चढून गाडी थेट गार ओढ्यात घातली, मांडीभर पाणी, फोटो काढत उभे राहिलो. दोन महिन्यांनी मागून घरघर. डिफचा खालचा नट काढला तर आधी स्वच्छ पाणी आलं, मग राखाडी दुधाळ चिकट काहीतरी. तापलेलं डिफ एकदम गार झालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. त्याला श्वास घ्यायला ब्रीदर असतो; माझा चिखलाने बुजला होता आणि मी तो कधी बघितलाच नव्हता. बोटभर जाडीची नळी जोडून ब्रीदर बोनेटखाली उंच नेला असता तर बेअरिंगचा संच वाचला असता. गाडी बघायला जाल तेव्हा डिफचं ऑइल बोटावर घेऊन बघा. आधीच्या मालकाने फोटो काढलेत की नाही ते कळतं.

कच्चा_रस्ता:
भरपूर शिकलो. अजून एक, खरेदीनंतर लगेच काय करायचं?

टोचनवाली:
सगळे पैसे गाडीतच घालू नका. किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी ठेवा. पहिल्या चार महिन्यांत ती जाणारच. सगळी ऑइलं, बेल्ट, होज, ब्रेक. मग टायर. त्याआधी कशालाही हात लावू नका, ना लिफ्ट, ना लाइट.

टायरप्रेशर हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड. डांबरावर तीस असेल तर खडकाळ वाटेला अठरा-वीस पीएसआय, मऊ वाळूत पंधरापर्यंत. टायर पसरतो, दगडाला कवेत घेतो. परत फुगवायला कॉम्प्रेसर हवा, नाहीतर ढिल्या टायरवर हायवेला याल.

आणि टोचनचं ऐका, नाव उगाच नाही घेतलेलं. ट्रेलरच्या गोळ्याला दोरी कधीही, कधीही अडकवायची नाही. तो ओढायला बनलेला असतो, झटक्याला नाही. तुटला की तोफगोळा होतो, माणसं गेली आहेत त्याने. चासीला बोल्ट केलेले हुकच वापरा. जुन्या गाडीत ते नसतात किंवा बांधून ठेवण्यापुरते नाजूक असतात, आधी ते बसवा. दोरी ताणलेली असताना जवळ कुणी उभं राहायचं नाही. आणि एकट्याने जायचं नाही, निदान पहिलं वर्ष.

कच्चा_रस्ता:
(तीन आठवड्यांनी) तर मंडळी, घेतली.

पाच गाड्या पाहिल्या. एक चेरोकी होती, लाल, लिफ्ट केलेली, बघताक्षणी प्रेमात पडावं अशी. खाली झोपलो. काळा ताजा लेप. @गंजेडी, तुमचाच आवाज कानात. स्क्रू-ड्रायव्हर काढल्यावर मालक म्हणाला, "असं टोचायचं नाही." उठून कपडे झटकले आणि निघालो.

घेतली ती पाट्यांवरची सामुराई. रंग उडालेला, सीट फाटकी, रेडिओ नाही. चासी पूर्ण "ठण". मागच्या पट्टीवर थोडा गंज, पण स्क्रू-ड्रायव्हर जात नाही. बोनेट गार होतं, धूर नाही. मालक म्हातारे गृहस्थ, प्रत्येक ऑइलबदल वहीत तारखेनिशी लिहिलेला. डिफचं ऑइल काळं पण साफ. शेतातल्या मातीवर फोर-हाय, फोर-लो दोन्ही टाकून पाहिलं. लिव्हर लोण्यासारखा पडला, डॅशवर दिवा लागला, पाय काढला तरी बाहेर आला नाही. इतकी मऊ चालली की पूर्ण हँडल मारून गोल फिरवली तरी अजिबात ओढ जाणवली नाही!

गंजेडी:
वही बघून घेतलीत, डोळे मिटून अभिनंदन.

टोचनवाली:
वा! आता हुक आणि टायर. फोटो टाका.

कच्चा_रस्ता:
(आठ दिवसांनी) थोडा हताश आहे. काल पहिल्यांदा बाहेर काढली, सोबत मित्राची गाडी होती. अगदी किरकोळ ओघळ, गुडघाभर. फोर-लो टाकलं, दिवा लागला, पहिला गिअर. मागची दोन्ही चाकं गरागरा फिरली आणि खड्डा खणून बसली. खाली उतरून बघितलं तर पुढची चाकं स्थिर. जरासुद्धा हलत नव्हती. मित्राने टोचन लावून काढली. ट्रान्सफर केस गेला का? घेताना तर नीट होता. त्या गृहस्थांनी फसवलं म्हणावं तर माणूस तसा वाटला नाही.

पाना_१४:
हब लॉक केले होते का?

कच्चा_रस्ता:
कुठले हब?

पाना_१४:
पुढच्या चाकांच्या मधोमध खुंटीसारखी चकती आहे, "फ्री" आणि "लॉक" लिहिलेली. फ्री वर असेल तर पुढचा शाफ्ट फिरतो पण चाकाशी त्याचा संबंध नसतो. लिव्हर पडणार, दिवा लागणार, गाडी मात्र मागच्याच दोन चाकांवर. तुम्हीच लिहिलं होतं, गोल फिरवली तरी ओढ जाणवली नाही. लोफर्स्ट यांनी सांगितलं होतं ना, ती थोडी जाणवायलाच हवी. आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि टाळ्या वाजवल्या.

लोफर्स्ट:
माझ्याही डोळ्यांखालून गेलं. कबूल.

कच्चा_रस्ता:
आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. दोन्ही "फ्री" वर. डावीकडची हाताने फिरली, टक आवाज करून लॉक झाली. उजवीकडची जाम आहे. पान्याने फिरवू का?

पाना_१४:
पाना लावू नका, आतली खाच तुटेल. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी चकतीवर कोरडी चिंधी धरा, कुणाला तरी गाडी वीतभर मागेपुढे ढकलायला सांगा आणि त्याच वेळी हाताने फिरवा.

कच्चा_रस्ता:
(सकाळी) फिरली. बायकोने ढकलली, मी चिंधी धरली. ती म्हणाली, "टॉर्चवरून बढती झाली वाटतं."